उलटा वाचलेला कागद

धंतोली, नागपूर
१८ जून १९७४

ती. बळीराम भाऊस,
जय भीम.

हे पत्र माझंच आहे. अक्षर पाहून घे. ओळी सरळ आहेत, एकही शब्द खाल्लेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या दवाखान्यात साधं पाणी मागायचं तरी आधी आपण शुद्धीवर आहोत हे पटवून द्यावं लागतं, आणि मला आता तीच सवय जडली आहे.

एप्रिलच्या नऊ तारखेला तू मला इथे आणून सोडलंस याचा राग नाही. नत्थूजी काविळीनं आठ दिवसांत गेले (नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते, हसू नको) आणि मी बावीस दिवस तोंडातून शब्द काढला नाही, अन्नाला शिवले नाही. सासरी कोणी उरलेलं नाही. तू आमल्याहून धावत आलास, रेल्वेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस, म्हणून मी वाचले. पण मेच्या शेवटी एका सकाळी मला सडकून भूक लागली. बायजाबाई नावाची आया आहे, तिला म्हटलं, "भाकर आहे काय वं, बाई?" ती एवढी दचकली की हातातली बादली सांडली. त्या दिवसापासून मी बरी आहे. नत्थूजींची आठवण आली की रडते, पण नवरा गेलेल्या बाईनं रडू नये तर काय करावं?

मग मला सोडत का नाहीत, हे काही केल्या कळत नाही. इथला नियम असा आहे की डॉक्टरांनी 'बरी झाली' असं लिहिलं की कोणीही जबाबदार माणूस येऊन घेऊन जाऊ शकतो. तोवर दार बंद, आणि भेटायला फक्त ज्यानं सही करून दाखल केलं तो. म्हणजे तू. तू सव्वादोन महिन्यांत एकदाही आला नाहीस.

डॉक्टर कृष्णकांत म्हणून आहेत, जबलपूरकडचे. स्वभावानं गरीब. दर मंगळवारी टेबलापलीकडे बसवतात, दोन प्रश्न विचारतात आणि पिवळ्या फाइलीतल्या केसपेपरवर लिहीत बसतात. मी म्हटलं, काय लिहिलं ते दाखवा. म्हणाले, रोग्याला दाखवत नाहीत. पण त्यांना एक ठाऊक नाही. पंधरा वर्षं पोरांच्या मांडीवरच्या पाट्या मी समोर उभी राहून तपासल्या आहेत. मास्तरणीला उलटं वाचता येतं!

अडचण एवढीच की ते इंग्रजीत लिहितात. माझं इंग्रजी अक्षरं जोडण्यापुरतं. आतापर्यंत दोन गोष्टी वाचल्या: 'डिल्यूजन' आणि 'इन्साइट निल'. तू रेल्वेत इंग्रजीत कागद लिहितोस, तर अर्थ कळव. आणि ये. माझी बिनपगारी रजा ३१ ऑक्टोबरला संपते. तोवर बरी असल्याचा दाखला घेऊन शाळेत हजर झाले नाही तर जागा गेली.

हे पत्र बायजाबाईच्या हाती देते. ऑफिसातून टाकलं तर वाचून मग टाकतात. उत्तर तिच्या नंदनवनमधल्या घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
इंदू


आमला
२ जुलै १९७४

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. मीरालाही वाचून दाखवलं. तिनं तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलं आहे.

येणं जमलं नाही याची लाज वाटते. पण मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. मी तीन दिवस घरी बसलो होतो. आता जे जे बसले त्यांच्या सर्व्हिस शीटा काढून एकेक कागद तपासून राहिले आहेत. पार्सल ऑफिसातल्या श्रीधरला घरी पाठवलं, क्वार्टर खाली करायला लावलं. अशा वेळी रजेचा अर्ज टाकणं म्हणजे आपणहून साहेबाच्या नजरेत येणं. थोडं निवू दे, मग येतो.

तू विचारलेल्या शब्दांत घाबरण्यासारखं काही नाही. डिल्यूजन म्हणजे अशक्तपणा. इन्साइट म्हणजे आतला ताप, आणि निल म्हणजे नाही. म्हणजे तुला आतून ताप नाही असं लिहिलं आहे. चांगलंच आहे की.

डॉक्टरांशी वाद घालू नको. ते विचारतील तेवढंच बोल. त्यांच्या कागदात डोकावत जाऊ नको, ते त्यांचं काम आहे. आणि एक, माझ्या पत्त्यावर लिहिताना वर नुसतं 'सप्रेम नमस्कार' लिहीत जा. इथे टपाल आधी बाबूंच्या टेबलावर पडतं.

तुझा भाऊ,
बळीराम


धंतोली
१७ जुलै १९७४

ती. भाऊस,
जय भीम. (बाबूंनाही सांग.)

काय झालं ते ऐक, आणि मग सांग की हसावं का रडावं.

काल डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. गेले चार मंगळवार तोच चालू आहे. "इंदूबाई, वो नदीवाली बात बताइए." मी आपली दरवेळी सांगत आले, हो, देव नदीत फेकले. ते विचारतात, पछतावा होत नाही? मी सांगते, नाही, काहून होईल? ते लिहितात. मला वाटायचं, माणूस परमुलुखातला, आमच्याकडची गोष्ट ऐकायची हौस असेल.

काल मात्र मी नीट बैठक मारून सगळं सांगितलं. छप्पन्न सालच्या दसऱ्याला नागपुरात आपण लाखो माणसांसोबत बौद्ध झालो. मी अठराची, तू बावीसचा. तिथून कामठीला परत आल्यावर बानं कोनाड्यातले पितळेचे टाक, शेंदराचा दगड, सगळं टोपलीत भरलं. टोपली तुझ्या डोक्यावर होती. कन्हानच्या काठावर अख्खी वस्ती जमली होती. खंडोबाचा टाक तू असा भिरकावलास की तो पाण्यावर तीनदा उडाला, आणि तू पोट धरून हसलास. बा म्हणाला, "आता कोनापुढं मान वाकवाची नाही, पोराहो." हे सांगताना मला नत्थूजी गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. फाइलीचं पहिलं पान उघडून पाहिलं आणि म्हणाले, "लेकिन आप तो हिंदू हैं. यहाँ लिखा है." मी म्हटलं, चुकीचं लिहिलं आहे. ते म्हणाले, दाखल करताना जे सांगितलं तेच लिहिलं असणार. मी म्हटलं, मग मला दाखवा, मी दुरुस्त करून देते, पोरांच्या वह्या दुरुस्त करण्यातच जन्म गेला माझा. ते हसले आणि काहीतरी लिहिलं. 'डिनाइज' असा शब्द होता.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. दाखल करून घेणारा कारकून ओमप्रकाश आहे, त्यानं न विचारताच सगळ्यांना लिहितो तसं मलाही 'हिंदू' लिहून टाकलं. त्यामुळे डॉक्टरांना वाटतं की एक हिंदू बाई घरातले देव नदीत फेकते, वॉर्डातल्या गुरुवारच्या आरतीला उठत नाही आणि वर म्हणते की मी बरी आहे! त्यांच्या जागी मी असते तर मलाही कुलूप लावावंसं वाटलं असतं.

पण काळजी नाही. माणूस न्यायी आहे. म्हणाले, मी तुमच्या भावाला पत्र लिहून विचारतो. भाऊ, तू फक्त दोन ओळी लिही. आपण बौद्ध आहोत, आणि देव सगळ्यांनी मिळून अठरा वर्षांपूर्वी फेकले. एवढ्यानं मी सुटते. दोन ओळी, भाऊ.

आमच्या मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई, त्यांनाही कळवते. माझ्या सर्व्हिस बुकात बौद्ध लिहिलेलंच आहे, ते घेऊन येतील. पण तुझ्या दोन ओळी आधी पोचतील.

पुढच्या महिन्यात मी शाळेत असेन. मीरावहिनीला सांग, लोणचं कामठीच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
इंदू


आमला
५ ऑगस्ट १९७४

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांचं पत्र अजून आलेलं नाही. संपापासून टपालाचं काही खरं राहिलेलं नाही. आलं की पाहतो.

तोवर माझं एक ऐकशील काय? तू मोठ्या भावाचं कधी ऐकलं नाहीस, पण एकदा ऐकून पाहा. वॉर्डातल्या देवाच्या फोटोपुढे हात जोडायला काय लागतं? डॉक्टरांनी विचारलं तर म्हण, चुकलं, पुन्हा नाही फेकणार. तुझ्या मनातलं तुझ्याजवळ ठेव. मनात काय आहे ते कोण फाइलीत पाहायला येतं? तू सुटशील, शाळेत जाशील, आणि मग ज्याला पाहिजे त्याला जय भीम कर. जगात असं कितीतरी लोक करतात आणि चांगले जगतात. मुलं शिकवतात, क्वार्टरात राहतात. त्यात काही वाईट नाही.

रजेचं अजून जमत नाही. या महिन्यात हेड पार्सल क्लार्कच्या जागेची यादी लागायची आहे.

प्रकृतीला जप.

तुझा भाऊ,
बळीराम


धंतोली
२८ ऑगस्ट १९७४

बळीराम,

काल मंगळवार होता. डॉक्टरांनी फाइल उघडली. वरच एक पत्र टाचलेलं होतं, आणि ते इंग्रजीत नव्हतं. हिंदीत होतं. तुझं अक्षर मी अंधारातही ओळखेन, त्या अक्षरावर गिरवूनच मी लिहायला शिकले. उलटं होतं तरी एका दमात वाचलं.

"हमारा परिवार हिंदू है. मेरी बहन की बातों पर ध्यान न दिया जाए."

खाली तुझी सही. तारीख २४ जुलै. आणि ५ ऑगस्टला तू मला लिहितोस की डॉक्टरांचं पत्र आलंच नाही!

इथे रुख्मिणी नावाची बी. ए. झालेली बाई आहे. तिला तुझे अर्थ सांगितले तर ती बिचारी हसली नाही. म्हणाली, डिल्यूजन म्हणजे खोट्या गोष्टीवर पक्का विश्वास. आणि इन्साइट म्हणजे आपण आजारी आहोत हे आपलं आपल्याला कळणं. म्हणजे मी आजारी आहे म्हटलं तर आजारी, आणि बरी आहे म्हटलं तर जास्त आजारी. आतला ताप म्हणे! मी दोन महिने वॉर्डात सगळ्यांना सांगत फिरले की मला आतला ताप नाही.

काल मी फाइल हिसकायला गेले. पहिलं पान पाहायचं होतं. तिथे 'माहिती देणार' असा रकाना असतो म्हणे. दोन आयांनी धरलं. हाताला वळ आहेत. संध्याकाळी एक सुई टोचली आणि आज दुपारपर्यंत मी झोपून होते. फाइलीत तेही लिहिलं गेलं असेल.

प्रमोदिनीबाई माझं सर्व्हिस बुक घेऊन सोमवारी फाटकापर्यंत आल्या होत्या. ओमप्रकाशनं त्यांना आत सोडलं नाही. म्हणाला, "जिसने लिखवाया है, वही बदलवाएगा." तो तुला ओळखतो. मी समजत होते की चूक त्यानं केली.

मला एकच विचारायचं आहे. काहून?

इंदू


आमला
१९ ऑक्टोबर १९७४

प्रिय इंदू,
जय भीम.

सात आठवडे तुझं पत्र खिशात घेऊन हिंडलो. पार्सलच्या गाड्या आल्या, गेल्या, यादी लागली, माझं नाव लागलं, लोकांनी पेढे मागितले. मी पेढे वाटले. घरी आलो आणि मीराला म्हटलं, मी आज इंदूच्या कैदेचे पेढे वाटले.

तुला मी कधी सांगितलं नाही. बालाही मरेपर्यंत कळू दिलं नाही. अठ्ठावन्न साली रेल्वेचा अर्ज भरला तेव्हा आपण बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. पण केंद्राच्या नोकरीत राखीव जागा धर्म बदलला की जाते. राज्य सरकारकडे तसं नाही, म्हणून तू शाळेत उघडपणे बौद्ध लिहू शकलीस. मी जुन्या जातीचा, हिंदू म्हणून काढलेला दाखला जोडला. सोळा वर्षं रेल्वेच्या प्रत्येक कागदावर मी हिंदू आहे. क्वार्टरात भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर आहे. बाबासाहेबांचा फोटो कपाटात, कपड्यांच्या खाली आहे. मुलांना सांगून ठेवलं आहे की शाळेत विचारलं तर काय म्हणायचं.

तुला आणलं त्या दिवशी रेल्वेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधीच 'कर्मचाऱ्याची बहीण, हिंदू' असं लिहून आलं होतं. ओमप्रकाशनं ते उतरवून घेतलं. मी थांबवायला पाहिजे होतं. पण एका आईच्या दोन लेकरांचे दोन धर्म कसे लिहून देणार? त्या फाइलीची नक्कल रेल्वेच्या डॉक्टरांकडे जाते. मग डॉक्टर कृष्णकांतांनी विचारलं, घरात पूजा करते काय? मी म्हटलं, नाही. देव आहेत काय? नाही. "क्यों नहीं?" इंदू, हिंदू लिहून बसलो होतो, आता देव का नाहीत ते सांगणं भाग होतं. मी म्हणालो, तिनं नदीत फेकले. आम्ही फेकले म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता. डॉक्टर म्हणाले, फेकताना रडत होती काय? मी म्हटलं, नाही, हसत होती.

हसत मी होतो.

तू माझ्या शेजारी त्या बाकावर बसली होतीस, नजर कुठेच नव्हती. तू ऐकत नाहीस असं समजून मी बोलत गेलो. मला वाटलं, पंधरा दिवसांत बरी होऊन घरी जाईल, कागद कपाटात पडून राहील. कागद असा मागे लागतो हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. माझ्या मागे तो सोळा वर्षांपासून लागला आहे.

जुलैत डॉक्टरांचं पत्र आलं तेव्हा संपवाल्यांच्या शीटा रोज उघडत होत्या. खरं लिहिलं असतं तर खोटा दाखला म्हणून नोकरी गेली असती, वर खटला. मी चार मुलांचा बाप आहे. हे कारण सांगतो, माफी म्हणून सांगत नाही. मी माझ्या बहिणीला कुलपात ठेवून क्वार्टर वाचवलं.

आता ऐक. मी निवेदन लिहिलं आहे, सही केली आहे. ते असं: "मी बळीराम धोंडबा, राहणार आमला, लिहून देतो की माझी बहीण इंदूबाई हिच्याबद्दल मी दिलेली माहिती खोटी होती. आम्ही दोघं बहीणभाऊ १९५६ च्या दसऱ्याला बौद्ध झालो. घरातले देव नदीत टाकणारा मी होतो. ती जे सांगते ते खरं आहे आणि ती शहाणी आहे."

तू म्हणशील त्या दिवशी येऊन हे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. मीराला सांगितलं आहे. ती रडली, मग म्हणाली, "जा तुम्ही. मी शिवणकाम करीन."

फक्त तू एक ओळ लिही, की ये.

तुझा,
बळीराम भाऊ


कामठी
३० ऑक्टोबर १९७४

ती. भाऊस,
जय भीम.

तुझं पत्र बायजाबाईनं काल शाळेत आणून दिलं. पत्ता बघून थक्क झालास ना? मी घरी आहे. तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी, अठरा तारखेला सुटले. प्रमोदिनीबाई न्यायला आल्या होत्या.

कशी सुटले ते सांगते. तू सांगितलंस तशीच सुटले.

ऑगस्टनंतर मी तुझी वाट पाहिली. सप्टेंबर गेला. ३१ ऑक्टोबर जवळ येत होता. सुई दर दोन दिवसांनी चालू होती, त्यानं माझी जीभ जड होऊ लागली आणि एक दिवस मला तेराचा पाढा आठवेना. इंदू मास्तरणीला तेराचा पाढा! त्या दिवशी मी घाबरले. वाटलं, हे खोटं असंच चालू राहिलं तर एक दिवस खरं होऊन बसेल.

दहा तारखेच्या गुरुवारी आरती लागली. मी खाटेवरून उठले, फोटोपुढे गेले आणि हात जोडले. बायजाबाई मागे उभी होती, ती आपल्यातलीच आहे. तिनं पुढे येऊन कानात विचारलं, "काय करून राहिली वं, बाई?" मी म्हटलं, "घरी जाऊन राहिली." ती आरती संपेपर्यंत माझ्या बाजूला उभी राहिली.

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, "वो नदीवाली बात?" मी म्हटलं, माझ्या हातून चूक झाली. "पछतावा है?" मी म्हटलं, है. "और आप कौन हैं?" मी म्हटलं, हिंदू. भाऊ, त्या माणसाचे डोळे भरून आले. खरंच आनंद झाला त्यांना. सहा महिने माझ्यावर मेहनत केली होती त्यांनी. आनंदाच्या भरात लिहिताना त्यांनी हातही आडवा धरला नाही. आता रुख्मिणीच्या शिकवणीनं मला वाचता येत होतं: आपला धर्म मानते, पश्चात्ताप आहे, इन्साइट चांगली, बरी झाली.

मी खोटं बोलले त्या दिवशी मला इन्साइट आली.

बा नदीवर काय म्हणाला होता ते मीच तुला जुलैत लिहिलं होतं. ती मान मी वाकवली. मला फार लाज वाटते, आणि ही लाज कोणाला सांगता येत नाही. यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले. कुठून कुठून माणसं आली होती, डोक्यावर शिदोऱ्या, कडेवर पोरं. सगळे मोठ्यानं प्रतिज्ञा म्हणत होते. देव मानणार नाही या ओळीला माझं तोंडच उघडेना. शेजारच्या म्हातारीला वाटलं मला ऊन लागलं. तिनं पाणी दिलं.

आणि मग काल तुझं पत्र. पंधरा दिवस आधी आलं असतं तर... जाऊ दे. तू त्याही पत्रात 'ये म्हण' असंच लिहिलंस. मी म्हणण्याची वाट पाहिलीस. तू आधी निघाला असतास तर मी तुला आज दुसरं पत्र लिहिलं असतं.

तुझ्यावर मी चिडले आहे, आणि बरेच दिवस चिडलेली राहीन. पण क्वार्टरातलं ते कॅलेंडर आणि कपड्यांखालचा फोटो, हे वाचून मला रडू आलं. मी सहा महिने आत होते. तू सोळा वर्षं आहेस, आणि तुला न्यायला कोणी प्रमोदिनीबाई येणार नाही.

आता निवेदनाचं. ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू नको. अजिबात ठेवू नको. सुटताना मी ऑफिसात ओमप्रकाशकडे फाइल मागितली होती. म्हटलं, माझ्याबद्दलचा कागद आहे, मला वाचायचा आहे. तो म्हणाला, "आपके बारे में है बाई, आपका नहीं है." म्हणजे ती फाइल तिथेच राहणार, कुलपात, मी मेल्यानंतरही. तिच्या शेवटच्या ओळीवर माझी नोकरी उभी आहे. तुझं खरं त्या फाइलीत गेलं तर त्याचा अर्थ एवढाच, की मंगळवारी मी खोटं बोलले, पश्चात्ताप नाही, देव मानत नाही, म्हणजे बरी झालेली नाही. दाखला रद्द. आणि तुझी नोकरी जाईल ती वेगळी. खरं सांगून आता दोघंही बुडू.

तर कागदावर आपण दोघं बहीणभाऊ शेवटी एकाच धर्माचे झालो. राहू दे तसंच.

पण ते निवेदन फाडू नको. रजिस्टर पोस्टानं मला पाठव. तुझ्या हातचं, सहीचं, तारखेसह. मी ते बाच्या पेटीत ठेवीन, कोणाला दाखवणार नाही. तिथे धंतोलीत माझ्यावर सहा महिन्यांची जाडजूड फाइल आहे, आणि त्यातला एकही कागद मला हातात घेता येत नाही. माझ्याबद्दलचा एक तरी कागद माझ्या घरात असावा, सरळ धरून वाचता येईल असा.

मीरावहिनीला नमस्कार. लोणचं मिळालं नाही.

तुझी,
इंदू